चमचा आधी कुणी उचलायचा

हेरानचं वागणं बघा. सख्ख्या आईच्या घरी, सख्ख्या आईच्या हातची कालवांची धिरडी खाता खाता, टीव्हीतल्या एका परक्या मुलीची बाजू घ्यायची आणि आईला तोंडघशी पाडायचं, हे कुठल्या शाळेत शिकवतात? बोंगसुनबाईंना शाळेचा फारसा अनुभव नव्हता, त्यामुळे कुठेतरी शिकवतही असतील, अशी शंका त्यांना होती. पण तोंगयंग शहरात, बंदरापासून वरच्या टेकडीपर्यंत, त्यांच्या माहितीत असं कुणी वागत नव्हतं.

झालं ते शनिवारी दुपारी. दर शनिवारी हेरान आपलं दुकान तासभर बंद करून आईकडे जेवायला यायची. वय पंचावन्न. घरी नवरा, अंगावर दुकान, गुडघ्यात दुखणं, पण शनिवार चुकवायची नाही. जेवताना मायलेकी फारशा बोलत नसत. बोलायची जबाबदारी टीव्हीवर टाकलेली असायची. शनिवारी दुपारी 'निळी कक्षा' या मालिकेचा मागच्या आठवड्याचा भाग पुन्हा दाखवतात. बोंगसुनबाईंनी तो आधी बघितलेला असायचाच. पण एकदा बघून ज्याचा राग येतो, तो दुसऱ्यांदा बघून पक्का करावा लागतो.

'निळी कक्षा' ही अंतराळातली मालिका. सुरुवातीला बोंगसुनबाईंनी तिला नाक मुरडलं होतं. यान म्हणजे रंगवलेला पत्रा आहे, हे त्यांना पहिल्याच भागात कळलं. यानात किमचीचं एकही मडकं नाही, मग ही माणसं वर्षानुवर्षं खातात काय, हाही प्रश्न होता. पण कॅप्टन सोयुन पडद्यावर आली आणि बाईंचं नाक जागेवर आलं. सोयुन कमी बोलायची, पुरुषांना धाकात ठेवायची आणि रडायचं झालं तर इंजिनखोलीत जाऊन रडायची. बोंगसुनबाई मनात म्हणाल्या, ही आपल्यातली.

तर ही कॅप्टन सोयुन सहा वर्षांच्या मुलीला आजीकडे ठेवून एका ताऱ्याकडे जाते. यान इतकं जोरात जातं की यानात दोनच वर्षं होतात आणि इकडे पृथ्वीवर सरतात बेचाळीस. अकराव्या भागात ती परत येते तेव्हा ती असते छत्तीसची आणि तिची मुलगी जिआ अठ्ठेचाळीसची. जिआ तिला घरी जेवायला बोलावते. आणि मग तो प्रसंग. जिआ वरच्या जागी बसते, आईला दाराकडची जागा दाखवते, आणि सूप वाढून झाल्यावर सरळ आपला चमचा उचलून खायला लागते. आईच्या आधी! आई मान खाली घालून थांबते. मोठ्या माणसानं उचलल्याशिवाय आपण चमच्याला हात लावायचा नसतो, आणि इथे मोठी कोण झाली? तर मुलगी!

"बघितलंस?" बोंगसुनबाई टीव्हीकडे बोट करून ओरडल्या. "बघितलंस भवानीला? जिनं जन्म दिला तिला दारात बसवलंय आणि स्वतः कशी पाटलीणबाईसारखी!"

"बरोबर केलं तिनं," हेरान म्हणाली.

बोंगसुनबाईंना वाटलं, हे टीव्हीतलंच कुणीतरी बोललं.

"काय म्हणालीस?"

"बरोबर केलं म्हटलं. ती अठ्ठेचाळीसची आहे, समोरची छत्तीसची. मग मोठं कोण?"

"आई मोठी! आई काय वयानं होते?"

"मग कशानं होते?"

हे विचारताना हेराननं धिरड्यावरची नजरसुद्धा उचलली नाही. बोंगसुनबाईंकडे या प्रश्नाचं उत्तर होतं, निदान असायला हवं होतं, पण ऐन वेळी ते कुठे ठेवलंय ते सापडेना. म्हणून त्यांनी आवाज वाढवला. "ती काय तिकडे फिरायला गेली होती? कामाला गेली होती! पोरीसाठीच गेली होती!"

"ती निदान ताऱ्यावर गेली होती, आई," हेरान म्हणाली. "तू बुसानला होतीस. बोट रोज होती."

एवढं बोलून ती उठली, आपला वाडगा विसळला, पालथा घातला, चपला घातल्या. "पुढच्या शनिवारपासून नाही जमायचं मला," असं दाराला सांगितलं आणि ते हळूच ओढून घेतलं. आपटलं असतं तर बरं झालं असतं. आपटलेल्या दाराला उत्तर देता येतं.

बुसानचं प्रकरण पन्नास वर्षांपूर्वीचं. बोंगसुनबाईंचा नवरा तेव्हा लांबच्या समुद्रात मासे धरायला गेलेला, घरात सासू, जाऊ, दीर आणि खाणारी तोंडं. बाई सहा वर्षांच्या हेरानला सासूकडे ठेवून बुसानच्या बुटांच्या कारखान्यात गेल्या आणि सहा वर्षं बुटांना तळ चिकटवत राहिल्या. वर्षातून दोन सणांना यायच्या. परत आल्या तेव्हा बारा वर्षांची हेरान दारात उभी राहून 'या' म्हणाली होती. पाहुण्यांना म्हणतात तसं. यावर मायलेकींमध्ये आजवर एक शब्द झाला नव्हता. न झालेला तो शब्द एका रंगवलेल्या पत्र्याच्या यानानं बाहेर काढला.

पुढचा शनिवार आला. बोंगसुनबाईंनी दोघींची धिरडी केली, दोघींची खाल्ली, आणि पोट बिघडवून घेतलं.

सोमवारी कालवांच्या शेडमध्ये विषय निघाला. म्हणजे बोंगसुनबाईंनी काढला. बंदराकडच्या त्या लांब शेडमध्ये हिवाळाभर चाळीस बायका लांब टेबलांशी उभ्या राहून कालवं फोडतात. हातात आखूड सुरी, पायात गुडघ्यापर्यंत रबरी बूट, आणि तोंड मोकळं. इथे प्रत्येक बाईला तिच्या माहेरच्या गावानं नाहीतर थोरल्या मुलाच्या नावानं हाक मारतात. बोंगसुनबाईंना सगळी शेड 'हेरानची आई' म्हणायची. त्या दिवशी बाईंनी हेरानचं नावही काढलं नाही. फक्त मालिकेतली जिआ किती नालायक, एवढंच त्या बोलत राहिल्या, पण कालवं मात्र हाडवैर असल्यासारखी फुटत होती.

"पण हेरानची आई, मला एक सांगा," पलीकडून नामहेवाली म्हणाली, "ती कॅप्टन तिकडे पेटीत झोपली होती का? म्हणून वय नाही वाढलं?"

"झोपली नव्हती. वेगानं गेली. वेगानं गेलं की वय कमी वाढतं. मागे त्या शास्त्रज्ञानं सांगितलं नाही का पाचव्या भागात!"

"मग आमचे हे आयुष्यभर मोटारसायकल उडवत होते, ते का म्हातारे झाले?"

"त्याला ताऱ्यापर्यंत जावं लागतं. तुमचे हे गुत्त्यापर्यंत जायचे."

यावर टेबलाचे दोन तट पडले. भिंतीकडच्या बायका म्हणाल्या, वय म्हणजे जगलेली वर्षं, तेव्हा मुलगीच मोठी. खिडकीकडच्या म्हणाल्या, वय म्हणजे जन्माची तारीख, तेव्हा आई मोठी. गोसंगवाली म्हणाली, तारखेवर कसला भरवसा ठेवता, माझ्या बापानं मी जगते की नाही बघून तीन वर्षांनी माझी नोंद केली. मग कुणाला आठवलं की मागे सरकारनं वय मोजायची रीत बदलणारा एक कायदा करून सगळ्या देशाला एका दिवसात वर्षा-दोन वर्षांनी लहान केलं होतं, आणि तरी कुणाचाही गुडघा दुखायचा थांबला नव्हता. मुकादम ओरडला. कालवं फुटायची थांबली होती.

"वाहिनीला काळ्या फितीचं फुलांचं चक्र पाठवा," नामहेवालीनं सल्ला दिला. "मेल्या माणसाला पाठवतात तसलं. माझ्या भाचीनं पाठवलं होतं, नायकाला गाडीखाली घातलं तेव्हा. लिहायचं, 'या मालिकेच्या अकलेला श्रद्धांजली'."

"छे, चक्र कोमेजतं," गोसंगवाली म्हणाली. तिचा भाऊ तालुक्याच्या कचेरीत शिपाई होता, त्यामुळे सरकारी गोष्टींत शेडमध्ये तिचा शब्द अखेरचा. "अर्ज करा. वाहिनीच्या पानावर प्रेक्षकांचा अर्ज टाकता येतो. महिन्याभरात हजार माणसांनी खाली 'सहमत' म्हटलं की वाहिनीला लेखी उत्तर द्यावंच लागतं. नियमच आहे."

लेखी उत्तर! बोंगसुनबाईंची सुरी हवेतच थांबली. वाहिनीनं शिक्क्यानिशी कबूल केलं की मुलीची चूक झाली, आई ती आईच, तर तो कागद हेरानच्या दुकानात नेऊन तिच्या नाकासमोर धरता येईल. मग ती काय म्हणणार? शनिवारी येणारच. बाईंना दुसरं काही नको होतं. माफी नको, रडारड नको. शनिवारी दोन वाडगे लागावेत, एवढंच. आणि ते मागता येत नाही म्हणून त्या एका अख्ख्या वाहिनीला कामाला लावणार होत्या.

अर्ज त्यांनी स्वतःच्या हातानं लिहिला. दोन वर्षांपूर्वी, पंचाहत्तराव्या वर्षी, त्या म्हाताऱ्या बायकांच्या साक्षरता वर्गात जाऊन अक्षरं शिकल्या होत्या. त्यांचं अक्षर मोठं, गोल आणि रागीट. अकरा ओळी झाल्या. 'आईच्या आधी चमचा उचलणाऱ्या मुलीला शासन करा. आई कामाला गेली होती. मजा मारायला गेली नव्हती. मुलीनं तिला दाराजवळ बसवलं. अशा मुलीला दाखवू नका. दाखवायची असेल तर आधी तिला माफी मागायला लावा.' आणि असंच पुढे. मालिकेचं नाव लिहिलं नाही. अख्खा देश ती बघतो, मग नाव कशाला वाया घालवायचं?

गोसंगवालीनं आपल्या फोनवरून तो टाकायचा प्रयत्न केला, पण वाहिनीला अर्जदार खरंच माणूस आहे की नाही याची खात्री हवी होती. नाव, जन्मतारीख आणि स्वतःच्या नावावरचा फोन. बोंगसुनबाईंनी नाव दिलं, तारीख दिली, फोनचा आकडा दिला. यंत्रानं उत्तर दिलं: माहिती जुळत नाही.

"म्हणजे?"

"म्हणजे तुम्ही तुम्ही नाही, असं म्हणतंय," गोसंगवाली म्हणाली. "फोन कुणाच्या नावावर आहे?"

फोन मुलाच्या, तेशिकच्या नावावर होता. त्यानंच आणून दिला होता. बाई फोनच्या दुकानात गेल्या. तिथल्या माणसानं गोड हसून सांगितलं की फोन आईच्या नावावर करता येईल, फक्त मुलगा तुमचा आहे याचा दाखला आणा.

"त्याला विचारा की!"

"तोंडी चालत नाही, आजी. कुटुंबाचा दाखला लागतो."

बेचाळीस वर्षांपूर्वी ज्याच्यापायी एक दिवस आणि एक रात्र कळा सोसल्या, तो आपलाच आहे हे सिद्ध करायला बोंगसुनबाई भर थंडीत वॉर्ड कचेरीत गेल्या. रांगेचा नंबर घेतला. समोरच्या बाकावर बसून, आपल्या अपमानाची घडी घालून ती मांडीवर ठेवली आणि वाट बघत बसल्या.

खिडकीतला कारकून पन्नाशीचा होता, चष्मा कपाळावर. त्यानं बाईंचं ओळखपत्र घेतलं, दोन बटणं दाबली, आणि यंत्रातून एक कागद बाहेर आला. एरवी हे कागद तेशिक आणायचा, तेशिक द्यायचा. बाईंनी आयुष्यात पहिल्यांदा स्वतः आणलेला कागद हातात घेतला, आणि नुकतंच वाचायला शिकलेल्या माणसाला जे होतं तेच झालं. त्या खिडकीपाशीच उभ्या राहून, अक्षराखाली बोट धरून तो वाचू लागल्या. बाप, आई, दोघं मेलेले. नवरा, मेलेला. मुलं.

मुलं या शब्दापुढे एकच ओळ होती. छू तेशिक.

बाईंनी कागद उलटून पाहिला. मागे कोरा.

"शाई संपली वाटतं तुमची," त्या म्हणाल्या.

"नाही आजी, शाई आहे."

"मग दुसरं पान राहिलंय आत. थोरली राहिलीय. मला दोन आहेत."

कारकुनानं चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेतला, पडदा बघितला, नाव विचारलं, पुन्हा बघितलं. मागे रांगेत कुणीतरी खोकलं. मग तो आवाज खाली आणून म्हणाला, "आजी, छू हेरान या तुमच्या थोरल्या दिरांच्या मुलगी म्हणून आहेत. पहिल्यापासून. नात्यानं तुमच्या पुतणी लागतात."

बोंगसुनबाईंना एकदम सगळं कळलं, आणि ते कळणं इतकं सोपं होतं की त्याचाच राग आला. हेरान जन्मली तेव्हा नवरा समुद्रावर, लग्नाचीच नोंद झालेली नव्हती. शाळेत घालायची वेळ आली तेव्हा बाई बुसानला. सासूनं सोयीचं केलं, पोरीचं नाव थोरल्याच्या खाली घातलं. हे बाईंना माहीत होतं. परत आल्यावर त्यांनी विचारलंही होतं, तेव्हा सासू म्हणाली होती, 'केलं ते सरळ'. बाईंना वाचता येत नव्हतं. सासूच्या तोंडचं वाचून त्या गप्प बसल्या होत्या. सरळ काहीच केलेलं नव्हतं. तेहेतीस वर्षं झाली सासूला जाऊन. जाब विचारायला आता टेकडीवरच्या थडग्यापाशीच जावं लागणार होतं.

"दुरुस्त करा," त्या म्हणाल्या.

"इथे नाही होत, आजी. कोर्टात दावा लावावा लागतो. तुमचं आणि मुलीचं, दोघींचं रक्त तपासतात. मग न्यायाधीश ठरवतात."

"मी बाळंत झाले तेव्हा न्यायाधीश होता का तिथे?"

कारकुनाकडे यासाठी कुठलाच कागद नव्हता. त्यानं पुढचा नंबर पुकारला.

बाहेर पायरीवर बसून बाईंनी तेशिकला फोन लावला. तेशिक मासेमारी संस्थेत नोकरीला, स्वभावानं गरीब, आईला भिऊन असणारा.

"तेशिक, तुझी बहीण कागदावर नाही."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आणि दार लावून घेतल्याचा आवाज आला.

"तुला माहीत होतं," बाई म्हणाल्या.

"बाबा गेले तेव्हा कागद काढले ना, आई, तेव्हा बघितलं. ताईला विचारलं. ती म्हणाली, मला लहानपणापासून माहीत आहे. आईला सांगू नकोस म्हणाली."

"का?"

"ते नाही सांगितलं. आई, थंडीत बसू नकोस. कुठेयस? तो तुझा चमच्याचा अर्ज आहे ना, तो मी टाकतो. माझ्या फोनवरून लगेच जाईल."

आईला कसं समजवावं हे न कळणारा मुलगा आईचं एखादं काम करून टाकतो. तेशिकनं त्याच संध्याकाळी आईकडून कागद नेऊन अर्ज टाकला. अक्षरन् अक्षर आईचं, वर नाव मात्र त्याचं, आणि चौकटी भरायच्या म्हणून गावही. त्याच्या मते त्यानं चांगलं केलं.

बुधवारी सकाळपर्यंत हजार माणसं सहमत झाली होती.

शेडमध्ये गोसंगवालीनं फोन नाचवत ही बातमी आणली, तेव्हा बायकांनी टाळ्या वाजवल्या. बोंगसुनबाईंच्या बाजूनं आयुष्यात एका वेळी तीनसुद्धा माणसं कधी उभी राहिली नव्हती. त्यांनी हातमोजे काढले, फोन घेतला आणि लोकांनी खाली काय लिहिलंय ते बोट धरून वाचू लागल्या.

'तोंगयंगची ही बहीण कोण आहे? लाज वाटायला हवी.'

'आईनं पोटाला चिमटा घेऊन वाढवलं आणि ही वरच्या जागी बसते! असल्या मुलीला घराबाहेर काढा.'

'भावा, आईला तुझ्याकडे ने. बहिणीचं तोंड बघू नकोस.'

बाईंनी पुन्हा वरपासून वाचलं. कुठेही कॅप्टन सोयुन नव्हती. जिआ नव्हती. मालिकेचं नावच नव्हतं. होता फक्त तोंगयंगचा एक भाऊ, त्याची कष्टाळू आई आणि त्याची नालायक बहीण. आणि तोंगयंगमध्ये या नावाच्या भावाची बहीण कोण, हे विचारायला कुणाला कोर्टात जावं लागत नाही.

"कोण हा माणूस?" बाई कडाडल्या. "कोण हा, माझ्या मुलीला घराबाहेर काढा म्हणणारा? याचं घर आहे का? हिला आईची किंमत नाही म्हणे! मेल्या, तुला काय माहीत हेरान कशी आहे! अकरा वर्षांची असताना सासूचं अंथरूण धुवायची ती!"

"हेरानची आई, ते तुमच्याच बाजूनं बोलतायत," नामहेवाली म्हणाली.

"मला नको त्यांची बाजू!"

अर्ज मागे घ्यायची खटपट सुरू झाली. तेशिकनं बटण शोधलं. हजार सह्या झाल्यावर अर्ज मागे घेता येत नाही, नियमच आहे. त्यानं वाहिनीला फोन केला. तिथल्या बाईनं फार आपुलकीनं ऐकून घेतलं आणि सांगितलं की त्यांचा घरगुती भांडणं मिटवण्याचा कार्यक्रम असतो, आई, भाऊ आणि बहीण तिघांनी आलात तर जायचा-यायचा खर्च आम्ही देऊ. गुरुवारी हेरानच्या नवऱ्याच्या आत्यानं फोन करून विचारलं, काय चाललंय तुमच्याकडे. शुक्रवारी वाहिनीचं लेखी उत्तर आलं. तेशिकनं वाचून दाखवलं: प्रेक्षकांच्या खाजगी कौटुंबिक बाबींवर वाहिनी मत देऊ शकत नाही. मायलेकींनी आपापसांत बोलावं, अशी नम्र सूचना.

ज्या कागदाच्या जिवावर हेरानला जिंकायचं होतं, तो कागद हा असा निघाला.

शनिवारी दुपारी बोंगसुनबाई स्वतः निघाल्या. इतक्या वर्षांत मुलीच्या दुकानाची पायरी त्या उगाच चढल्या नव्हत्या. दुकान बाजारामागच्या गल्लीत होतं. हेरान तिथे कापडाच्या दोन पदरांमध्ये कापूस भरून, वरून बारीक टाके घालून पिशव्या आणि पलंगपोस शिवायची. तोंगयंगची ही जुनी कला. हेरान आजीकडे शिकली होती, आई बुसानला असताना.

मशीन चालू होतं. हेराननं मान वर केली, खाली घातली.

"वाचलंस?" बाईंनी विचारलं.

"गिऱ्हाइकांनी वाचून दाखवलं."

"ते तुझ्याबद्दल नव्हतं. त्या जिआबद्दल होतं."

"हो का," हेरान म्हणाली. टाका पुढे सरकत राहिला.

बाईंनी पिशवीतून वॉर्ड कचेरीचा कागद काढला, मशीनच्या पाटावर ठेवला आणि त्यावर हात ठेवून उभ्या राहिल्या. मशीन थांबलं.

"हे तुला कधीपासून माहीत?"

"चौथीत असताना. शाळेनं कागद मागितला होता."

"आणि तोंडातून अवाक्षर काढलं नाहीस?"

"कुणापाशी काढू? तू बुसानला होतीस."

"मग परत आले तेव्हा!"

"तेव्हा वाटलं, तू विचारशील."

"मला वाचता येत नव्हतं, हेरान."

"माहीत आहे," हेरान म्हणाली. "म्हणून तर दाखवला नाही. तुला वाचून कोण दाखवणार होतं? मीच ना? 'आई, इथे लिहिलंय मी तुझी नाही', असं?"

बाईंना बसायला हवं होतं, पण स्टुलावर कापसाची पोती होती आणि पोती खाली ठेव म्हणणं त्यांना जमलं नाही. उभ्याउभ्याच त्या म्हणाल्या, "कोर्टात जायचं. रक्त द्यायचं. मी सोमवारी शेडमध्ये रजा सांगितलीय."

"मी नाही यायची."

"का नाही यायची? सुई टोचतात नुसती!"

"पंचावन्न वर्षं मी कागदाशिवाय तुला आई म्हटलं. कुणी सांगितलं नव्हतं तरी म्हटलं. आता कुणा न्यायाधीशासमोर उभी राहून ते सिद्ध करू? तुला हवं तर तू कर."

"मला एकटीला करता येत नाही. तुझंही रक्त लागतं."

"मग राहू दे."

"राहू दे कसं? मी मेल्यावर माझ्या कागदावर एकटा तेशिक? आणि तू पुतणी?"

"इतकी वर्षं होतेच की."

बाहेर गल्लीतून मासेवाला ओरडत गेला. बाईंच्या मनात खूप काही आलं. कारखान्यातल्या गोंदाचा वास आला, ज्यानं डोकं चढायचं. रविवारची सुट्टी आली, जिच्यात बोट पकडता आली असती आणि जी त्या झोपून काढायच्या, कारण उठलं तर जावंसं वाटायचं आणि गेलं तर परत येववलं नसतं. यातलं एकही वाक्य त्यांना पूर्ण करता येईना. बोटीचा धक्का खोलीपासून किती जवळ होता, हेच तेवढं स्पष्ट आठवलं.

"शनिवारी येशील?" त्या म्हणाल्या. आयुष्यात त्यांनी मुलीकडे मागितलेली ही पहिली गोष्ट असावी. आजवर सगळं सांगितलंच होतं.

"शनिवारी दुकान उघडं असतं."

"आधीही असायचंच."

हेराननं कागद उचलला, नीट घडी घातली आणि आईपुढे धरला. मग मशीन पुन्हा सुरू केलं, आणि एका रेषेत, एकाही टाक्यात न चुकता ते चालवत राहिली. डोळ्यांतून पाणी येत असेल तर ते कापडावर पडू न देण्याची खबरदारी तिनं घेतली होती. बोंगसुनबाई हे बघत राहिल्या. नाक लाल, मान ताठ, ओठ आत ओढलेले. इंजिनखोली नव्हती म्हणून इथेच.

बाईंनी कागद घेतला. दारापर्यंत गेल्या. रबरी बूट चढवायला वाकल्या, कंबर धरून सरळ झाल्या, आणि मशीनच्या वर जाईल अशा आवाजात बोलल्या.

"हेरान, ऐकून ठेव. तू दुष्ट आहेस. एकदा मनात धरलंस की पन्नास वर्षं सोडत नाहीस. आतून जळून गेलीस तरी चालेल, पण आधी बोलायची नाहीस. कुणी हात पुढे केला तर त्याच्यासमोर कामाला लागतेस. माणूस नाहीस तू, दगड आहेस. शंभर टक्के माझ्यावर गेलीयेस! यापेक्षा आणखी कसला पुरावा हवाय त्या कोर्टाला?"